सासरे म्हणतात अजून एक गोणी, मी म्हणते युरियाच बंद

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मावळातल्या एका ताईंनी लिहिलंय. दीड एकर भातखाचरं आहेत, सगळं इंद्रायणी. मिस्टर चाकणला कंपनीत, त्यामुळे शेती ताई आणि सासरे (घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात) दोघं बघतात. ताई तीन वर्षांपासून पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांमधे थेट तांदूळ विकतात. मागच्या वर्षी चिखलणीला दीड गोणी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत), आवणीनंतर (रोपांच्या लावणीनंतर) वीस-बावीस दिवसांनी दोन गोणी युरिया, दीड महिन्याने परत दोन गोणी, आणि लोंब्या बाहेर पडताना पान पिवळसर वाटलं म्हणून अजून एक गोणी टाकली. वर शेणखत होतंच. भात काळंभोर झालं, गावात नाव झालं, पण परतीच्या पावसात खालची तीन खाचरं आडवी झाली. गिरणीत तुकडा खूप पडला, आणि दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनी सांगितलं की भात पूर्वीसारखा मऊ होत नाही. आता ताई म्हणतात, "मला युरिया पूर्णच बंद करायचाय, लोकांना केमिकल-फ्री सांगून विकता येईल." अण्णा म्हणतात, "बंद केलास तर निम्मं भात येईल आणि गाव हसेल." घरात यावरून बोलणं बंद व्हायची वेळ आलीय. कोण बरोबर?

ताई, आधी एक सांगते, तुम्ही गोण्यांचा हिशोब इतका नीट लिहून पाठवलात त्याबद्दल मनापासून धन्यवाद, कारण बहुतेक पत्रात "खत टाकलं" एवढंच असतं आणि मग काही बोलताच येत नाही. तुमच्या पत्रात उत्तराचा अर्धा भाग आहेच, फक्त आकडे मांडायचे राहिलेत, ते मांडूया.

युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र (नायट्रोजन), म्हणजे गोणीमागे जवळजवळ पावणेएकवीस किलो. तुमच्या पाच गोण्यांचं झालं १०३ किलोच्या वर. डीएपीत १८ टक्के नत्र असतं हे बरेच जण धरतच नाहीत, तुमच्या ७५ किलो डीएपीतून अजून साडेतेरा किलो गेलं. एकूण ११७ किलो नत्र, दीड एकरात. आपल्याकडे सुधारित भातासाठी शिफारस आहे हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद (फॉस्फरस), ५० पालाश (पोटॅश), म्हणजे एकरी ४० किलो नत्र, दीड एकराला ६०. तुम्ही ६० च्या जागी ११७ दिलंय, शेणखताचं अजून धरलंच नाहीये. आणि पालाश? पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे बहुतेक दिलंच नाही.

म्हणून मला वाटतं तुमचं आणि अण्णांचं भांडण चुकीच्या जागी चाललंय. तुम्ही म्हणताय शून्य, ते म्हणतायत अजून एक, आणि दोघंही फक्त गोण्या मोजताय. पण भाताच्या रोपाला काय हवंय ते दिवसाप्रमाणे बदलतं. नत्र कधी दिलं आणि ते मुळापर्यंत पोचलं की पाण्याबरोबर वाहून गेलं, हे बघितल्याशिवाय गोण्यांच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

अण्णांना आधी समजून घ्या, हे मी मुद्दाम सांगतेय. त्यांच्या पिढीने आयआर-८ आणि जया सारखे बुटके वाण आलेले बघितलेत, १९६६ ते ६८ च्या आसपास हे वाण आले आणि त्यांना युरिया टाकला की भात खरंच वाढायचं, दांडा आखूड असल्यामुळे पडायचं पण नाही. त्यांनी डोळ्याने बघितलंय हे, त्यामुळे "युरिया म्हणजे भात" हे त्यांच्या डोक्यात अनुभवानेच बसलंय. इंद्रायणीचं तसं नाही. १९८७ ला वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ च्या संकरातून हा वाण काढला, म्हणजे अर्धं रक्त आंबेमोहोराचं, आणि आंबेमोहोर किती पडतं हे अण्णांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहितीये. त्यांना "तुम्ही चुकलात" म्हणू नका. "हा वाण जयासारखा नाही, याचा दांडा तेवढं सोसत नाही ना" असं विचारून बघा, ते स्वतःच बोलायला लागतील.

आता भात पडलं का? नत्र जास्त झालं की पान रुंद, गर्द, लुसलुशीत होतं, फुटवे दाट होतात, एकमेकांवर सावली पडते, बुडाशी ऊनच पोचत नाही, आणि खालची पेरं लांब आणि कमजोर होतात. त्यात तुमची दुसरी दोन गोण्यांची पाळी दीड महिन्याने पडली, जी नेमकी खालची पेरं लांबायला लागायची वेळ. त्या वेळी थोडं नत्र लागतंच, लोंबीत दाणे किती धरायचे ते तेव्हा ठरत असतं, पण दीड एकरात एकदम ४१ किलो म्हणजे फार झालं. शिवाय अशा मऊ पानावर करपा लवकर चढतो, तुडतुडे आणि खोडकिडा जास्त येतो. तुम्ही फवारणीचं काही लिहिलं नाहीत पण मागच्या वर्षी फवारणीचा खर्च वाढला होता का ते आठवून बघा, माझा अंदाज आहे वाढला असेल. काळंभोर भात बांधावरून छान दिसतं, मान्य, पण त्या काळेपणातलं किती दाण्यात उतरतं ते झोडणीला कळतं, आणि उशिरा आलेल्या फुटव्यांच्या लोंब्या तर पोचटच राहतात, नुसती पळींज.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्वाचं वाटलं, "खालची तीन खाचरं आडवी झाली". वरची नाही पडली, खालचीच का? कारण मावळातला पाऊस आणि आपली उताराची खाचरं. युरिया पाण्यात पटकन विरघळतो, आणि तो फेकल्यावर दुसऱ्या दिवशी जोराचा पाऊस आला की वरच्या खाचराचं पाणी बांधाच्या मोरीतून खालच्यात, तिथून अजून खालच्यात, आणि शेवटी ओढ्याला. म्हणजे तुम्ही सगळीकडे सारखं टाकलं तरी खालच्या खाचरांनी स्वतःचं पण खाल्लं आणि वरच्यांचं पण. पाऊस उघडला आणि साचलेल्या पाण्यावर ऊन पडलं तरी नुकसान आहेच, पाण्यावर फेकलेल्या युरियातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. असं सगळं धरून साचलेल्या पाण्यात फेकलेल्या युरियातलं बऱ्याचदा ३० ते ४० टक्केच नत्र पिकाला मिळतं. त्यामुळे यावर्षी खालच्या तीन खाचरांना वरच्यापेक्षा कमी द्या, हे एकच काम केलंत तरी फरक दिसेल.

आता तुकडा. इथे मी तुम्हाला थोडं थांबवते, कारण तुम्ही सगळा दोष युरियाला दिलाय आणि ते पूर्ण खरं नाही. जास्त नत्राने भात एकसारखं पिकत नाही, पुढच्या लोंब्या पिवळ्या आणि मागच्या हिरव्या, आणि हिरवट कच्चा दाणा गिरणीत मोडतोच, हे झालं युरियाचं. पण पडलेलं भात भिजलं, सुकलं, परत भिजलं, तर दाण्याला आतून तडा जातो. कापणीला उशीर झाला तरी तेच होतं. साधारण ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापायचं, सगळं शिवार सोनेरी व्हायची वाट बघायची नाही. दाण्यात तेव्हा २०-२२ टक्के ओलावा असतो, तो हळूहळू १३-१४ पर्यंत आणायचा. कडक उन्हात पातळ पसरून एका दिवसात खडखडीत वाळवलं की तुकडा ठरलेला. आणि गिरणी कुठली? जुन्या हलरवर भरडलंत तर चांगलं भात पण तुटतं, रबराच्या रोलरची गिरणी असेल तर दोन मैल लांब पडली तरी तिकडे न्या. म्हणजे युरिया शून्य केला आणि बाकी सगळं तसंच ठेवलं तर पुढच्या वर्षी पण तुकडा निघेल, आणि मग अण्णा म्हणतील बघ, सांगत होतो. असं व्हायला नको.

मऊपणाची तक्रार मात्र त्या शेवटच्या गोणीशी जोडलेली असू शकते. लोंब्या बाहेर पडताना दिलेलं नत्र दाण्यांची संख्या वाढवत नाही, ती तोवर ठरून गेलेली असते. त्यातलं बरंचसं दाण्यातलं प्रथिन वाढवतं. प्रथिन वाढलं की दाणा गिरणीत जरा कमी तुटतो, ही चांगली बाजू, पण शिजवल्यावर भात घट्ट होतो, चिकटपणा कमी होतो. जपानमधे कोशिहिकारी नावाचा त्यांचा लाडका तांदूळ आहे, तो पण आपल्या इंद्रायणीसारखाच चिकट आणि पटकन पडणारा, तिथले शेतकरी त्याला नत्र हात राखून देतात आणि प्रथिन कमी असलेल्या तांदळाला चवीला चांगला मानतात. आपल्या लोकांना इंद्रायणी आवडतो तो मऊ गिचका होतो म्हणूनच ना, आमटी-भात कालवायला. मग ती शेवटची गोणी कशाला? लोंब्या आल्यावर खालची पानं पिवळी पडणं हे बऱ्यापैकी नैसर्गिक आहे, पानातलं नत्र दाण्यात चाललेलं असतं, ते बघून घाबरायचं नाही. तेवढं एक गिऱ्हाइकांना पण विचारा की तांदूळ कधीचा होता आणि पाणी किती घातलं, कारण इंद्रायणी जुना झाला की घट्ट होतोच आणि वासही कमी होत जातो, त्यात खताचा काही संबंध नाही.

बरं, मग युरिया पूर्ण बंद करायचा का. माझं मत, एकदम नको. एक टन भात पिकायला साधारण १५ ते २० किलो नत्र जमिनीतून उचललं जातं. एकरी पंधरा क्विंटल धरलं तर २२ ते ३० किलो झालं, आणि हे दाणा-पेंढ्यात गेलेलं, वाया जाणारं वेगळं. चांगल्या शेणखतात टनामागे साधारण पाच किलो नत्र, त्यातलंही पहिल्या वर्षी थोडंच लागू होतं. तुमच्याकडे जनावरं किती आहेत ते लिहिलं नाहीत, पण दीड एकराचं सगळं नत्र शेणखतातून भागवायला ट्रॉल्यांवर ट्रॉल्या लागतील. ज्या जमिनीला इतकी वर्षं युरियाची सवय आहे तिथे एका हंगामात सगळं तोडलं की उत्पादन खाली येणारच, निम्मं नाही येणार कदाचित, पण येणार. तेव्हा अण्णांची भीती अगदी खोटी नाही. जायचंच असेल त्या वाटेने तर तीन-चार वर्षं धरून जा.

त्याची सुरुवात बांधावर करता येते. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, पावसाच्या सुरुवातीला फाटे लावले की लागते, काही सांभाळायला लागत नाही. चिखलणीच्या आठवडाभर आधी गुंठ्याला ३० किलोच्या आसपास हिरवा पाला पसरून गाडायचा. पहिल्या वर्षी एवढा पाला मिळणार नाही, दोन खाचरांपुरता मिळाला तरी चालेल. आणि गिरणीतून तूस आणून त्याची काळी राख तरव्याच्या (रोपवाटिकेच्या) वाफ्यात मिसळा, त्यात सिलिका असते, रोपं ताठ होतात. या दोन्ही गोष्टी डॉ. ना. कृ. सावंतांच्या चारसूत्री भात लागवडीतल्या आहेत, आपल्या कोकण-मावळच्या पावसासाठीच बसवलेली पद्धत आहे ती. त्यातलं चौथं सूत्र तुमच्या खाचरांना सगळ्यात जास्त उपयोगी, युरिया-डीएपीच्या गोळ्या. दोरीवर आलटून पालटून १५ आणि २५ सेंटिमीटर अंतर ठेवून जोडओळ लावणी करायची आणि चार चुडांच्या (एका जागी लावलेल्या रोपांच्या झुपक्यांच्या) मधे एक गोळी चिखलात बोटभर, म्हणजे सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबायची, आवणी झाली त्याच दिवशी. एक गोळी २.७ ग्रॅमची, गुंठ्याला ६२५ गोळ्या म्हणजे पावणेदोन किलो. तुमच्या साठ गुंठ्यांना १०५ किलो गोळ्या, त्यातून नत्र जातं फक्त साडेछत्तीस किलो, आणि गोळी चिखलात असल्यामुळे वाहून जात नाही, रोप दोन महिने हळूहळू खात राहतं. त्रास एकच, मजूर. आवणीच्या गडबडीत गोळ्या दाबायला माणसं तयार होत नाहीत, पाठ मोडते, त्यामुळे सगळ्या दीड एकरात करू नका, ज्या वरच्या खाचरांतून सगळ्यात जास्त पाणी वाहतं तिथे करा.

बाकीच्या खाचरांसाठी मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. (आकडे सगळ्या दीड एकराचे आहेत.) डीएपी दीड गोणी ठेवा, सोबत चिखलणीला २० किलो युरिया आणि पोटॅशची एक पूर्ण ५० किलोची गोणी, एवढ्यात शिफारशीएवढं पालाश होतं, दांडा आणि टरफल दोन्ही मजबूत व्हायला ते लागतंच. वीस-पंचवीस दिवसांनी, आधी बेणणी करून घ्या नाहीतर अर्धं खत गवत खाईल, खाचरातलं पाणी काढून मोऱ्या बंद करा आणि ४० किलो युरिया चिखलावर द्या, एक-दोन दिवसांनी परत पाणी घ्या. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस थांबलात तर काही बिघडत नाही. राहिला ३० किलो, तो लोंबी पोटात धरताना. एकूण दोनच गोण्या युरिया. गोळ्या दाबलेल्या खाचरांत वरून डीएपी-युरिया काही टाकायचं नाही, तिथलं वाट्याचं कमी करा. (युरियाचा हा शेवटचा हप्ता पोटरीच्या, म्हणजे लोंबी पानाच्या म्यानात फुगते त्या वेळेच्या, पुढे न्यायचा नाही, हे अण्णांना आत्ताच सांगून ठेवा.)

लोंबी पोटात धरली हे कसं ओळखायचं, दिवस मोजून साधारणच कळतं, इंद्रायणीला आवणीनंतर सहा-सात आठवडे. नक्की बघायचं तर एका चुडातला सगळ्यात मोठा फुटवा बुडापासून काढा, मुळं कापा आणि ब्लेडने खालून वर उभा चिरा. गाठींच्या वर, पानांच्या गुंडाळीच्या अगदी मधे, एक-दोन मिलिमीटरचं पांढरं, कापसाच्या टोकासारखं लव असलेलं टोक दिसेल. तीच पुढची लोंबी. चार-पाच ठिकाणचे फुटवे चिरून बघा, निम्म्यांपेक्षा जास्तीत ते दिसलं की हप्ता द्यायची वेळ झाली. अण्णांना सोबत घेऊन चिरा, मोठ्या माणसांना पण हे बघायला फार आवडतं, इतकी वर्षं भात केलेल्यांनी सुद्धा बऱ्याचदा लोंबी इतकी लहान असताना बघितलेली नसते.

आणि हप्ता द्यायच्या आधी पानाला विचारायचं. पानाच्या रंगाचा प्लास्टिकचा तक्ता मिळतो, हिरव्या रंगाच्या चार पट्ट्या फिक्यापासून गर्दपर्यंत. वडगावचं भात संशोधन केंद्र तुमच्या जवळच आहे, तिथे किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा. आवणीनंतर पंधरा दिवसांपासून आठवड्याला एकदा, दर वेळी दिवसाच्या एकाच वेळेला, दहा वेगवेगळ्या चुडांचं वरचं पूर्ण उघडलेलं पान, न तोडता, तक्त्यावर ठेवून बघायचं, आणि बघताना आपली सावली पानावर पाडायची, उन्हात रंग फसवतो. सुगंधी आणि पडणाऱ्या वाणांना ३ नंबरची पट्टी धरतात. दहातली सहा पानं त्याहून फिकी निघाली तर खत द्या, नाही निघाली तर आठवडाभर थांबा. खालच्या खाचरांत बहुतेक तिसरा हप्ता लागणारच नाही असं मला वाटतंय.

नॅनो युरियाबद्दल (पानांवर फवारायचा बाटलीतला पातळ युरिया) तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. सुरुवातीला आलेली ती अर्ध्या लिटरची ४ टक्केवाली बाटली घ्या, त्यात नत्र होतं २० ग्रॅम, आणि गोणीत २० किलो. त्यामुळे एक बाटली म्हणजे एक गोणी हे गणित धरून मूळ हप्ते कापू नका.

आता घरातलं. गोण्या कमी केल्याने पैसे किती वाचतील ते आधीच सांगते, फार नाही. गोणी २६६ रुपये ५० पैशाला मिळते, तीन गोण्या वाचल्या तर आठशे रुपये, आणि पोटॅशच्या गोणीत त्याहून जास्तच जातील. म्हणून अण्णांशी पैशाच्या बचतीवर बोलू नका, ते म्हणतील आठशे रुपयासाठी एवढा जीव का खातेस, आणि बरोबरच आहे त्यांचं. तुमचा खरा तोटा पडलेल्या भातात आणि तुकड्यात झालाय, बोलायचं तर त्यावर बोला. एक वरचं खाचर अण्णांच्या पद्धतीने, सगळ्या गोण्यांसकट, शेजारचं तुमच्या दोन गोण्यांच्या हिशोबाने, आणि हवं तर कोपऱ्यातलं एखादं गुंठा-दोन गुंठ्याचं खाचर युरियाशिवाय, नुसता पाला आणि शेणखत. पाणी एकाचं दुसऱ्यात जाणार नाही अशी खाचरं निवडा. झोडणीला तिन्हीकडचं गुंठा-गुंठा, ३३ बाय ३३ फूट मोजून, वेगळं झोडा आणि वजन करा. मग प्रत्येकाचं थोडं भात एकाच गिरणीत वेगळं भरडून आणा, १०० ग्रॅम तांदूळ ताटात घ्या, अख्खा आणि तुकडा हाताने निवडा आणि दोन्ही वजन करा. हे निवडायला सासूबाईंना बसवा, त्यांचं म्हणणं घरात कोणी खोडणार नाही. आणि तिन्ही तांदूळ शिजवून एकाच पंगतीत वाढा, कुठला कुठला ते न सांगता. अण्णांचं खाचर जास्त वजनाचं निघालं तर ते मोकळेपणाने मान्य करायची तयारी ठेवा, तेवढी असेल तरच हे करा.

राहिलं केमिकल-फ्री. ताई, हे लेबल यावर्षी लावू नका. युरिया टाकलेल्या भातात युरिया उरत नाही, जमिनीत दोन-चार दिवसात त्याचा अमोनियम होतो, आणि शेणखतातलं नत्र पण मुळं बहुतेक त्याच रूपात घेतात, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या ताटात विष जातंय असं काही नाहीये आणि तुम्हाला लपवण्यासारखं पण काही नाही. पण तीन वर्षं जी माणसं तुमच्या शब्दावर तांदूळ घेतायत त्यांना खोटं सांगितलेलं एकदा कळलं की ती सोसायटी गेली. त्यापेक्षा खरं ते सांगा, व्हॉट्सअॅपवर लिहा की यावर्षी (अण्णांचं ते एक खाचर सोडून) युरिया निम्म्याहून कमी केलाय, लोंबी आल्यावर काहीच टाकलं नाही, कापणी अमुक तारखेला झाली, भरडलाय अमुक महिन्यात, आणि नव्या तांदळाला पाणी थोडं कमी घाला. सोबत खाचराचा फोटो टाका. युरियाशिवायच्या त्या गुंठ्यातला तांदूळ ज्यांना हवाय त्यांना वेगळ्या पिशवीत, वेगळ्या भावाने, "एवढाच आहे" असं सांगून द्या. त्याला मागणी किती येते ते बघून पुढच्या वर्षी किती खाचरं तिकडे वळवायची ते अण्णांबरोबर बसून ठरवा, आणि माती तपासून घ्यायची राहिली असेल तर ती चिखलणीच्या आधीच घ्या, पाणी साचल्यावर नमुना काढणं अवघड जातं.